लेम्येर संलक्षण व त्याची प्रतिजैव चिकित्सा

लेम्येर संलक्षण : घशाच्या जंतुसंसर्गानंतर मानेतील आंतर ग्रीवा नीलेत (मस्तक व चेहरा यांतील रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीत) जंतुयुक्त गुठळी तयार होते आणि तिचे सूक्ष्म तुकडे रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुसे, सांधे व इतर अवयव यांत जाऊन तेथे पू उत्पन्न करतात. या विकृतीत आढळणाऱ्या लक्षणसमूहास ‘लेम्येर संलक्षण’ म्हणतात. आंद्रे लेम्येर (१८७५–१९५६) या फ्रेंच वैद्यांनी १९३६ मध्ये त्याचे सुस्पष्ट वर्णन केल्यामुळे त्यांचे नाव त्यास देण्यात आले. त्यापूर्वी ‘घसादाहोत्तर पूतिरक्तता’ (घसा सुजून गेल्यावर रक्तात पसरणारा जंतुसंसर्ग) या अर्थाच्या नावाने ही विकृती यूरोपातील वैद्यांना परिचित होती.

हा रोग विरळा असला, तरी तो बहुधा पूर्वी पूर्णपणे निरोगी असलेल्या किशोरवयीन व तरुण व्यक्तींना होतो आणि प्रतिजैव पदार्थांचा (प्रतिजैविकांचा) शोध लागण्यापूर्वी तो बहुतेक रुग्णांना मारक ठरत असे. त्याच्या चिकित्सेचा इतिहास हा एका दृष्टीने प्रतिजैव पदार्थांच्या यशाचा इतिहास आहे. परंतु एखादा रोग औषधामुळे दिसेनासा झाला म्हणजे त्याची ओळखही वैद्यकाच्या स्मरणातून कशी पुसली जाते आणि ती पुसली गेल्यावर हाताशी असलेले औषधही रुग्णाला वेळेवर कसे मिळत नाही, याचेही ते बोलके उदाहरण आहे.

रोगक्रम : रोगाची सुरुवात नेहमीच्या घसादुखीसारखीच होते. घसा लाल होतो, गिलायू (घशाच्या दोन्ही बाजूंच्या गाठी) सुजतात, गिळताना दुखते व ताप येतो. काही रुग्णांत दात वा कान यांच्या संसर्गापासूनही रोगाचा प्रारंभ होतो. बहुसंख्य घसादुख्या चार-सहा दिवसांत बऱ्या होतात. या रोगात मात्र घसा दुखू लागल्यापासून सर्वसाधारणपणे आठवड्याभरात, क्वचित त्यानंतरही, एकाएकी हुडहुडी भरून तीव्र ताप येतो. पुष्कळदा तोपर्यंत घशाचे दुखणे कमी झालेले असते, त्यामुळे दोहोंमधील संबंध रुग्णाच्या व वैद्याच्याही ध्यानात येत नाही.

गिलायूभोवतालच्या लहान नीलांमधून संसर्ग आंतर ग्रीवा नीलेपर्यंत पोहोचतो. नीलेच्या भित्तीस सूज येते व आत रक्त साखळते. मानेच्या एकाच बाजूस, जबड्याच्या कोनाखाली व मानेतील मोठ्या तिरप्या स्नायूच्या पुढच्या कडेने दुखरी सूज जाणवते. तथापि सर्वच रुग्णांत ती असते असे नाही. गुठळीचे जंतुयुक्त कण हृदयाच्या उजव्या भागातून सरळ फुप्फुसांत जातात आणि तेथील बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. या क्रियेस अंतर्कीलन म्हणतात. परिणामी छातीत कळ येणे, दम लागणे, खोकल्यातून रक्त पडणे ही लक्षणे दिसतात व फुप्फुसांत अनेक लहान विद्रधी (पुवाने भरलेल्या पोकळ्या) तयार होतात. गुडघा, नितंब, खांदा यांसारखे मोठे सांधे, यकृत, प्लीहा व क्वचित मेंदूची आवरणे यांनाही संसर्ग होऊ शकतो. कित्येक रुग्णांत कावीळ व मूत्रपिंडांच्या कार्यातील बिघाडही आढळतो.

कारक सूक्ष्मजंतू : बहुसंख्य रुग्णांत फ्यूझोबॅक्टिरियम नेक्रोफोरम हा सूक्ष्मजंतू रोगास कारणीभूत असतो. त्याच वंशातील इतर जाती, तसेच मालागोलाणू व इतर काही सूक्ष्मजंतू कधीकधी आढळतात. नेक्रोफोरम या जातिनामाचा अर्थ ‘मृत्यू वाहून आणणारा’ असा असून येथे तो ऊतकांच्या (समान रचना व कार्य असलेल्या पेशींच्या समूहांच्या) मृत्यूस उद्देशून आहे. हा दंडाकृती सूक्ष्मजंतू ग्रॅम-ऋण (ग्रॅम यांच्या रंजनपद्धतीत मूळचा जांभळा रंग टिकवून न ठेवणारा) आणि कडक अनॉक्सिजीवी (मुक्त ऑक्सिजनाच्या सान्निध्यात वाढू न शकणारा) आहे. त्याचा आकार एकसारखा नसतो. कधी तो आखूड दांड्यासारखा, तर कधी लांब तंतूसारखा दिसतो. त्याच्या वाढीबरोबर ब्युटिरिक अम्ल तयार होत असल्याने त्याच्या संवर्धनास शिळ्या लोण्याची आठवण करून देणारी उग्र दुर्गंधी येते. श्वेत कोशिकांचा नाश करणारे विष तो निर्माण करतो आणि रक्तातील बिंबाणूंना एकत्र गोळा करून गुठळी बनण्यास साहाय्य करतो. या दोन गुणांमुळे तो नीलेत ठाण मांडू शकतो.

या सूक्ष्मजंतूची पहिली ओळख मानवी वैद्यकाला नव्हे, तर पशुवैद्यकाला झाली. वासरांच्या तोंडात व घशात घटसर्पासारखे पापुद्रे आणणाऱ्या रोगाचा अभ्यास करताना जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख लफ्लर यांना १८८४ मध्ये असे तंतुमय जंतू दिसले. त्यानंतर डेन्मार्कमध्ये बर्नहार्ड बांग यांनी गुरांच्या ऊतकमृत्यूच्या विविध रोगांत व गेओर्ख श्मोर्ल यांनी १८९१ मध्ये सशांमधील साथीत त्यांचे वर्णन केले. गुरे व मेंढ्या यांच्या खुरांच्या कुजण्याच्या रोगातही याच जातीचा वाटा असतो. मनुष्यात १८९८ मध्ये पॅरिस येथे झां आले यांनी स्त्रीच्या जननमार्गातील संसर्गाच्या अभ्यासात तो वेगळा केला. प्रत्येक संशोधकाने आपापल्या परीने नाव दिल्यामुळे हा एकच सूक्ष्मजंतू पुढे अनेक दशके निरनिराळ्या नावांनी ओळखला जात होता. नावांच्या या गोंधळामुळे पशुवैद्यकातील व मानवी वैद्यकातील निरीक्षणे एकत्र येण्यास विलंब लागला.

प्रतिजैवपूर्व काळ : घसादुखीनंतर उद्‌भवलेल्या अनॉक्सिजीवी पूतिरक्ततेचे मनुष्यातील आद्य वर्णन पॉल कूरमाँ व काद या फ्रेंच वैद्यांनी १९०० मध्ये केले. जर्मनीत हुगो शोटम्यूलर यांनी १९१८ मध्ये अनॉक्सिजीवी जंतूंच्या रोगकारकतेविषयी महत्त्वाचे विवेचन केले. घशातून रक्तात संसर्ग नेमका कोणत्या मार्गाने जातो, याविषयी जर्मन वैद्यांत पुढे बराच वाद झाला. गिलायूंच्या लहान नीलांतील गुठळी वाढत जाऊन ग्रीवा नीलेत पोहोचते, असे ऑयगेन फ्रेंकेल यांचे प्रतिपादन होते. इतरांच्या मते संसर्ग लसीका मार्गाने किंवा घशाशेजारच्या मऊ ऊतकांतून सरकत नीलेपर्यंत जात असे. मरणोत्तर तपासणीत या तिन्ही प्रकारांना दुजोरा देणारी उदाहरणे मिळत गेली.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हता. संसर्ग नीलेतून पसरत असेल, तर ती नीला बांधून टाकल्यास जंतूंची वाट अडेल, अशी त्यावरून अपेक्षा होती. कानाच्या मागील अस्थीच्या संसर्गात ग्रीवा नीला बांधण्याची शस्त्रक्रिया एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आली होती. तीच येथेही योजण्यात आली. मानेत छेद घेऊन नीला दोन ठिकाणी बांधावयाची, कधी मधला भाग कापून काढावयाचा व पुवाला वाट करून द्यावयाची, असे तिचे स्वरूप होते. ती अगदी लवकर झाल्यास काही रुग्ण वाचत. मात्र फुप्फुसांत एकदा जंतुयुक्त कण पोहोचले की शस्त्रक्रियेचा उपयोग उरत नसे. निदान पक्के होण्याचा क्षण आणि उपाय निष्फळ ठरण्याचा क्षण बहुधा एकच असे. जंतुघ्न औषधाच्या अभावी वैद्याच्या हाती याहून अधिक काही नव्हते.

लेम्येर यांचे कार्य : लेम्येर हे पॅरिस येथील क्लोद बेर्नार रुग्णालयाशी संलग्न असलेले संसर्गजन्य रोगांचे प्राध्यापक होते. सूक्ष्मजंतुशास्त्र व रुग्णशय्येजवळील निरीक्षण या दोन्ही अंगांत ते निष्णात होते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनॉक्सिजीवी पूतिरक्ततेचे रुग्ण अनेक वर्षे अभ्यासले आणि त्याचे सार द लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात मार्च १९३६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात घशातून सुरू झालेल्या २० रुग्णांचा उल्लेख असून त्यांपैकी १८ दगावले होते.

लेम्येर हे रोगाचे पहिले संशोधक नव्हते आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. त्यांचे श्रेय वेगळ्या प्रकारचे आहे. घसा दुखून गेल्यावर काही दिवसांनी हुडहुडी भरून ताप येणे, पाठोपाठ फुप्फुसांत अंतर्कीलन होणे व सांधे सुजणे हा क्रम इतका वैशिष्ट्यपूर्ण आहे, की प्रयोगशाळेचा निर्णय हाती येण्यापूर्वीच रोग ओळखता यावा व सहसा त्यात चूक होऊ नये, असे त्यांचे मत होते. त्या काळी अनॉक्सिजीवी सूक्ष्मजंतू वाढवून ओळखणे अवघड व वेळखाऊ होते. म्हणून केवळ लक्षणांच्या क्रमावरून रोग ओळखण्याच्या या सूत्रास विशेष मोल होते. रोग ओळखल्यावर त्यावर खात्रीचा उपाय मात्र लेम्येर यांच्यापाशी नव्हता.

सल्फा औषधे व पेनिसिलीन : हा उपाय त्याच सुमारास दृष्टिपथात येत होता. गेरहार्ट डोमाक यांनी प्राँटोसिल या पहिल्या सल्फा औषधाविषयीचे निष्कर्ष १९३५ मध्ये प्रसिद्ध केले. सल्फा औषधांमुळे मालागोलाणुजन्य रोगांच्या मृत्युमानात मोठी घट झाली व घसादाहावरही ती सर्रास दिली जाऊ लागली. पेनिसिलिनाचे जंतुरोधक गुण अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ मध्ये दिसले होते. ते शुद्ध करून औषध म्हणून वापरता येते, हे ऑक्सफर्ड येथील हॉवर्ड फ्लोरी, एर्न्स्ट चेन, नॉर्मन हीटली व त्यांचे सहकारी यांनी १९४० मध्ये उंदरांवरील प्रयोगांनी दाखविले. फेब्रुवारी १९४१ मध्ये पूतिरक्ततेने आसन्नमरण झालेल्या एका पोलीस शिपायाला ते देण्यात आले. त्याची प्रकृती स्पष्टपणे सुधारू लागली. परंतु औषधाचा साठा संपला व तो रुग्ण दगावला. औषध गुणकारी असून भागत नाही, ते पुरेशा प्रमाणात व पुरेसा काळ मिळावे लागते, ही गोष्ट पेनिसिलिनाच्या पहिल्याच रुग्णात दिसून आली. लेम्येर संलक्षणाच्या चिकित्सेतही तिची वारंवार प्रचीती आलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत पेनिसिलिनाचे प्रचंड प्रमाणावर उत्पादन होऊ लागले व युद्धानंतर ते सामान्य नागरिकांना उपलब्ध झाले. भारतात पुण्याजवळील पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स या सरकारी कारखान्यात १९५५ मध्ये त्याचे उत्पादन सुरू झाले. पेनिसिलीन सूक्ष्मजंतूंच्या कोशिकाभित्तीची बांधणी रोखते व फ्यूझोबॅक्टिरियम नेक्रोफोरम त्यास बहुधा चांगलाच संवेदनशील असतो. त्यामुळे पेनिसिलीन वेळेवर व पुरेसे मिळालेले रुग्ण बरे होऊ लागले.

तथापि रोगाचे प्रमाण घटण्याचे मुख्य कारण रुग्णांवरील ही प्रत्यक्ष चिकित्सा नव्हती, असे दिसते. मालागोलाणुजन्य घसादाहात पेनिसिलीन दिल्यास त्यानंतर होणारा संधिवाताभ ज्वर टळतो, हे अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील फोर्ट वॉरेन या लष्करी तळावर झालेल्या व १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने सिद्ध केले. हृदयाच्या झडपा कायमच्या दूषित करणाऱ्या त्या ज्वराच्या धास्तीने घसादुखीत पेनिसिलीन देण्याचा प्रघात अनेक देशांत रूढ झाला. एका रोगाच्या प्रतिबंधासाठी दिलेल्या औषधाने दुसरा, बहुतेकांना नावानेही ठाऊक नसलेला रोग उगमापाशीच थोपविला गेला, असे मानण्यास जागा आहे. [⟶ पेनिसिलीन, संधिवाताभ ज्वर].

विस्मृतीचा काळ : ब्रिटिश वैद्य जे. एम. ऑल्स्टन यांनी १९५५ मध्ये या जंतूमुळे होणाऱ्या मानवी रोगांचा आढावा घेतला. त्यानंतरच्या दोन दशकांत त्याविषयीचे लेखन तुरळक झाले. वैद्यकीय पाठ्यपुस्तकांतील त्याचे वर्णन आक्रसत गेले किंवा गळले आणि ज्यांनी असे रुग्ण प्रत्यक्ष पाहिले होते, ती वैद्यांची पिढी निवृत्त झाली. १९७०–८० नंतर अधूनमधून रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध होऊ लागल्या, तेव्हा त्यांच्या शीर्षकांत ‘विसरलेला रोग’ अशा अर्थाचे शब्द वारंवार येऊ लागले. १९८९ मध्ये या संलक्षणावरील दोन विस्तृत आढावे अमेरिकन नियतकालिकांत आले व लेम्येर यांचे नाव पुन्हा रूढ झाले.

या विस्मृतीचे परिणाम रुग्णांना भोगावे लागत. हुडहुडी, ताप व फुप्फुसांतील अनेक डाग पाहून न्यूमोनिया, क्षय, हृदयाच्या अंतःस्तराचा शोथ, कावीळ असल्यास यकृताचा रोग, अशी निदाने होत. आठवड्यापूर्वी घसा दुखला होता काय, हा साधा प्रश्न विचारला जात नसे. रक्ताच्या संवर्धनात अनॉक्सिजीवी दंडाणू वाढल्याचे प्रयोगशाळेने कळविल्यानंतर प्रथमच रोगाचा संशय येई. अशी वाढ दिसण्यास कित्येक दिवस लागतात. लेम्येर यांनी प्रयोगशाळेवाचून रोग ओळखण्याचे जे सूत्र सांगितले होते, त्याच्या नेमके उलट असे हे घडत होते.

मेट्रोनिडॅझोल : याच काळात अनॉक्सिजीवी संसर्गावरील एक प्रभावी औषध जवळजवळ योगायोगाने हाती आले. स्ट्रेप्टोमायसीज सूक्ष्मजंतूंपासून मिळालेल्या ॲझोमायसीन या द्रव्याशी संबंधित संयुगांचे संशोधन फ्रान्समध्ये चालू होते. त्यातून तयार झालेले मेट्रोनिडॅझोल १९५९ च्या सुमारास योनिमार्गातील ट्रिकोमोनास या आदिजीवाच्या संसर्गावर वापरात आले. तेव्हा ते सूक्ष्मजंतूंवर चालेल अशी कोणाची कल्पना नव्हती. ब्रिटिश दंतवैद्य डेव्हिड शिन यांनी १९६२ मध्ये अशी नोंद केली, की या औषधाने आदिजीवजन्य रोग बरा होत असलेल्या एका स्त्रीच्या हिरड्यांचा तीव्र व्रणयुक्त शोथही त्याच वेळी बरा झाला. हिरड्यांच्या त्या रोगात फ्यूझोबॅक्टिरियम वंशातील जंतू व सर्पिल जंतू यांचा सहभाग असतो. या निरीक्षणावरून मेट्रोनिडॅझोल अनॉक्सिजीवी सूक्ष्मजंतूंना मारते हे लक्षात आले.

त्याच्या कार्याची रीत लक्षणीय आहे. ऑक्सिजनविरहित कोशिकेतच त्याचे क्षपण होऊन क्रियाशील रूप बनते व ते जंतूच्या डीएनए रेणूंची मोडतोड करते. ऑक्सिजनावर जगणाऱ्या जंतूंत हे परिवर्तन होत नाही, म्हणून त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही. शिवाय ते पुवाच्या पोकळ्यांत व मेंदूतही चांगले शिरते. १९७० नंतर अनॉक्सिजीवी जंतू वाढविण्याच्या सुधारित पद्धती प्रयोगशाळांत रूढ झाल्या, तेव्हा या औषधाचे महत्त्व अधिक स्पष्ट झाले.

पुनरागमन : १९९० नंतर काही देशांत रोगाच्या नोंदी वाढू लागल्या. डेन्मार्कमध्ये १९९०–९५ या काळात दर दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला ०·८ रुग्ण आढळले होते. त्याच देशात १९९८–२००१ मध्ये सर्व देशभर पद्धतशीर नोंद ठेवली असता हे प्रमाण ३·६ इतके आणि १५ ते २४ वर्षे वयोगटात १४·४ इतके भरले. त्या रुग्णांतील मृत्युमान सु. ९ टक्के होते. लेम्येर यांच्या २० पैकी १८ मृत्यूंशी याची तंतोतंत तुलना करता येत नाही, कारण त्यांच्याकडे गंभीर रुग्णच पाठविले जात असणे संभवते. तरीही दोन आकड्यांतील अंतर प्रतिजैव चिकित्सेचे मोल सांगण्यास पुरेसे आहे.

वाढीच्या कारणांविषयी मतभेद आहेत. प्रतिजैव पदार्थांच्या अतिवापराने जंतूंत रोध (औषधाला न जुमानण्याची क्षमता) निर्माण होत असल्याने साध्या घसादुखीत ती देऊ नयेत, असा आग्रह विसाव्या शतकाच्या अखेरीस धरला जाऊ लागला. ब्रिटनमधील शासकीय वैद्यकीय सल्लागार समितीने १९९८ मध्ये तशी स्पष्ट शिफारस केली. त्यामुळे पूर्वी नकळत थोपविला जाणारा हा रोग पुन्हा डोके वर काढीत आहे, असे काही तज्ञांचे मत आहे. पेनिसिलिनाऐवजी एरिथ्रोमायसिनाच्या गटातील औषधे देण्याचा प्रघात हेही एक कारण सुचविले गेले आहे, कारण या जंतूवर त्यांचा परिणाम भरवशाचा नसतो. संवर्धनाच्या व प्रतिमादर्शनाच्या चांगल्या सोयी आणि वैद्यांचे वाढलेले लक्ष यांमुळे पूर्वी निसटणारे रुग्ण आता नोंदले जातात, हे तिसरे कारण होय. यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे निश्चितपणे सिद्ध झालेले नाही. भारतातील वैद्यकीय नियतकालिकांतूनही या संलक्षणाचे रुग्ण तुरळकपणे नोंदले गेले आहेत.

निदान : रोगाचा संशय आल्यावर प्रतिजैव पदार्थ सुरू करण्यापूर्वी रक्ताचे नमुने अनॉक्सिजीवी संवर्धनासाठी घेतात. आधीच घेतलेल्या अपुऱ्या मात्रेमुळे संवर्धनात जंतू न वाढण्याचा संभव असतो. घसा दुखताच औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून एक-दोन दिवस घेण्याची सवय या दृष्टीनेही अहितकारक आहे. मानेतील गुठळी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने पाहता येते. हे तंत्र सोपे व निर्धोक असले, तरी जबड्याच्या व गळपट्टीच्या हाडांमागील भाग त्यात नीट दिसत नाही. रंजकद्रव्य टोचून केलेल्या संगणकीकृत क्ष-किरण छेदचित्रणाने मानेतील नीला व फुप्फुसांतील विद्रधी ही दोन्ही स्पष्ट दिसतात. मालागोलाणूंसाठी घशाच्या स्रावाची जी शीघ्र परीक्षा करतात, तीत हा जंतू सापडत नाही. त्यामुळे ती नकारात्मक आली म्हणजे धोका नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही.

प्रचलित चिकित्सा : रुग्णालयात दाखल करून नीलेवाटे प्रतिजैव पदार्थ देणे हा चिकित्सेचा गाभा होय. पेनिसिलीन व मेट्रोनिडॅझोल एकत्र देतात, किंवा अँपिसिलीन–सल्बॅक्टम, पिपरॅसिलीन–टॅझोबॅक्टम यांसारखी जोडऔषधे अथवा कार्बापेनेम गटातील औषध योजतात. केवळ पेनिसिलिनावर विसंबून न राहण्याची दोन कारणे आहेत. काही वाण पेनिसिलिनाचे विघटन करणारे बीटा-लॅक्टमेज हे एंझाइम निर्माण करतात आणि पुष्कळदा तोंडातील इतर सूक्ष्मजंतूही संसर्गात सामील असतात. जोडऔषधातील सल्बॅक्टम किंवा टॅझोबॅक्टम हा घटक त्या एंझाइमास निष्प्रभ करतो. पेनिसिलीन सोसत नसल्यास क्लिंडामायसीन वापरता येते. जेंटामायसिनासारखी ॲमिनोग्लायकोसाइड औषधे अनॉक्सिजीवी जंतूंच्या कोशिकेत शिरू शकत नसल्याने निरुपयोगी ठरतात.

चिकित्सा सर्वसाधारणपणे ३ ते ६ आठवडे चालू ठेवतात. सुरुवातीस नीलेवाटे व प्रकृती स्थिरावल्यावर तोंडावाटे औषध देतात. इतक्या दीर्घ काळाचे कारण रोगाच्या स्थानात आहे. गुठळीच्या अंतर्भागात व विद्रधीत रक्तपुरवठा नसल्याने औषध तेथे सावकाश पोहोचते. योग्य औषध मिळूनही ताप उतरण्यास आठवडा-दीड आठवडा लागू शकतो. हे माहीत नसल्यास औषध निष्फळ ठरले असे समजून ते अकारण बदलले जाते. मोठ्या विद्रधींतील, तसेच फुप्फुसावरणाच्या व सांध्यांच्या पोकळीतील पू काढून टाकावा लागतो. ग्रीवा नीला बांधण्याची शस्त्रक्रिया आता क्वचितच, औषधांनी संसर्ग आवरत नसेल तेव्हाच करतात. रक्त साखळण्यास विरोध करणारी औषधे द्यावीत की नाहीत, याविषयी मतैक्य नाही. गुठळी मेंदूतील शिरांकडे वाढत असल्यास अनेक तज्ञ ती देतात. परंतु त्यांची उपयुक्तता ठरविणारे मोठे तुलनात्मक अभ्यास रोग विरळा असल्याने होऊ शकलेले नाहीत.

प्रतिबंधाचा प्रश्न : अमेरिकेतील ॲलाबॅमा विद्यापीठात १५ ते ३० वर्षे वयाच्या व्यक्तींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. घसा दुखत असलेल्यांपैकी २०·५ टक्के व घसा न दुखणाऱ्यांपैकी ९·४ टक्के व्यक्तींच्या घशात फ्यूझोबॅक्टिरियम नेक्रोफोरम आढळला. म्हणजे हा जंतू तरुणांच्या घशात दुर्मिळ नाही; दुर्मिळ आहे तो त्याचा रक्तात शिरकाव. अशा स्थितीत घसादुखीच्या प्रत्येक तरुण रुग्णाला प्रतिजैव पदार्थ द्यावा काय, हा प्रश्न उपस्थित होतो. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासानुसार, घसादुखीनंतर गिलायूशेजारी होणारी एक विद्रधी टाळण्यासाठी ४,००० हून अधिक रुग्णांना प्रतिजैव पदार्थ द्यावे लागतात. लेम्येर संलक्षण त्या विद्रधीहून कितीतरी विरळ आहे. ते टाळण्यासाठी सर्वांना औषध दिल्यास असंख्य व्यक्तींना औषधाचे दुष्परिणाम सोसावे लागतील व जंतूंतील रोध वाढेल. रोध वाढल्यास हेच औषध खऱ्या गरजू रुग्णाच्या वेळी निकामी ठरण्याचा धोका आहे.

म्हणून बहुतेक तज्ञांचा भर सरसकट औषधयोजनेवर नसून धोक्याची लक्षणे ओळखण्यावर आहे. तरुण व्यक्तीची घसादुखी पाच-सहा दिवसांत न ओसरता वाढत जाणे, हुडहुडी भरून ताप येणे, रात्री दरदरून घाम सुटणे, मानेच्या एकाच बाजूस दुखरी सूज येणे, छातीत कळ येणे वा दम लागणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात तपासून घेणे अगत्याचे असते. ही लक्षणे लेम्येर यांनी १९३६ मध्ये नोंदविलेल्या लक्षणांहून फारशी निराळी नाहीत. त्यांच्या काळी रोग ओळखता येत होता, पण औषध नव्हते. त्यानंतरच्या काळात औषध उपलब्ध असूनही ओळख हरपल्यामुळे रुग्ण दगावले. आज दोन्ही उपलब्ध असल्याने वेळेवर चिकित्सा मिळालेले बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.